टेस्ट डेटातला सागर

३ नोव्हें., सोम.
वधूवर मंडळाच्या ॲपचं गाडं माझ्यापाशीच अडलंय. जावा भाषेत लिहिलेल्या छोट्या छोट्या सर्व्हिस, म्हणजे ॲपचे सुटे भाग. माहितीची आणि स्थळं सुचवायची नीट चालतात, नात्यांची माझ्या गळ्यात. ग्राफ डेटाबेसमध्ये माणूस म्हणजे नोड, नातं म्हणजे मधली रेघ. जवळचं नातं निघालं की स्थळ बाद, असा नियम मी लिहिला. मंडळाचे काका भडकले. "मामाची पोरगी बाद? ओ मॅडम, मग गडहिंग्लजकडं लग्नंच व्हायची न्हाईत की!"
नियम बदलायचा. गुरुवारी डेमो.

४, मंगळ.
टेस्टला नाती कुठून आणू? आमच्याच घरची भरली. बाबा, त्यांची बहीण म्हणजे गडहिंग्लजची आत्या, तिचा सागर, मी. म्हणजे मी सागरच्या मामाची मुलगी. आत्या कधीपासून मला सून म्हणून मागतेय. आई रोज जेवताना विषय काढते, मी "प्रोजेक्ट संपू दे" म्हणते. प्रोजेक्ट संपत आलाय.
नवा नियम चालवून बघितला. सागर आणि मी: चालेल.
नियम मीच लिहिलाय ना!

६, गुरु.
टेस्ट डेटा पुसायला विसरले. मूर्ख, मूर्ख. काकांनी मोठ्या पडद्यावर बटण दाबलं, पहिलंच स्थळ आम्ही दोघं. "ह्यो सागर ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाला न्हवं? आमच्या साडूच्या शेजारीच दुकान हाय त्याचं. मॅडम, तुमचं जमलं की!"
ऑफिस हसलं. मीही हसले. ॲप पास.

७, शुक्र.
काका, साडू, आत्या. बातमी आमच्या ग्राफपेक्षा फास्ट. सकाळीच आत्याचा फोन, आईनं मुद्दाम स्पीकरवर टाकला. "कॉम्प्युटरनंबी हेच सांगितलं म्हणं! आता तरी व्हय म्हण की गं. रविवारी येते बोलायला."
कॉम्प्युटर म्हणजे मीच, हे कुणाला सांगू? दिवसभर कामात लक्ष नाही. चिडचिड नुसती.

८, शनि.
सागरचा फोन. "अश्वे, तुला नको असंल तर मीच न्हाय म्हणतो आईला. शिव्या मी खातो. तू कशाला वाईट होतीस?"
सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. रागच आला. इतक्या सहज नाही म्हणू शकतो हा? "बघू" म्हणून ठेवून दिला.

९, रवि.
आई पोहे करतेय, बाबा उगाच पेपर चाळतायत. मी डेटा पुसायला बसले. पडद्यावर सगळ्या रेघा. सागर आणि माझ्यात मात्र थेट एकही नाही. बाबा आणि आत्यावरून वळसा घालूनच जावं लागतं. हे आजवर दिसलं कसं नाही!
लावला फोन. "बाबा-आत्या सोड. तुला मी हवी आहे का?"
तो हळूच, "फोनवर नको. आई शेजारीच बसलीया."
म्हणजे तोही एसटीत. कागल सोडलं म्हणाला, म्हणजे अर्ध्या तासात दारात.
बाकी सगळं पुसलं. दोन नोड तेवढे ठेवलेत.