डिकीतली सायकल

८ जानेवारी

ती. ताईस, ढब्बूचा सा. न. वि. वि.

भाऊजींची सायकल सुखरूप पोचली. तू रडत दिलीस, मी हसत घेतली, कारण सायकलवर येणाऱ्याला आमचं ऑफिस दरमहा भत्ता देतं. पहारेकरी फाटकात फक्त चाकं बघतो. म्हणून मी ती डिकीत, अर्धी आत अर्धी बाहेर, दोरीनं बांधून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत नेतो आणि तिथं गाडी लावून शेवटच्या वळणापासून झोकात पायडल मारतो. घाम दिसावा म्हणून तोंडावर पाणीही मारतो. साहेबांनी पाठ थोपटली. ही म्हणते, लाज वाटू दे.

लोभात काटछाट नको.

२० जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आधी हसू आलं, मग राग, आणि रागच टिकला. हे त्याच सायकलवर गावभर विजेचे मीटर वाचत फिरले. वळणावर घंटा वाजली की मी चहा टाकायचे. ती घंटा बंद झाल्यापासून घर खायला उठतं. तरी तुझी ढेरी आणि डॉक्टरांचा दम आठवून मी सायकल दिली, डिकीत झोपवायला नाही. धाप लागणाऱ्या माणसाला स्वतःला फसवायचे पैसे मिळतात, हे नवीनच.

ढेरीसकट माझा लाडका आहेस, म्हणून जीव जळतो.

११ एप्रिल

ती. ताईस सा. न.

धपाटा पोचला, पण मला सुधारलं ते पालिकेनं. कोपऱ्यावर गाडी लावायला आता भत्त्याच्या दुप्पट पैसे पडतात. लबाडी परवडेना, म्हणून घरापासून सायकल मारतो. पहिल्या दिवशी चढावर एका आजीबाईंनी मला मागे टाकलं, त्याही चालत. आता मी उतरत नाही. माझे रिपोर्ट दुसऱ्या कुणाचे तर नाहीत ना, असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

राग गेला असल्यास कळव.

२ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद.

ऑफिसनं भत्ता बंद केल्याचं तुझ्या बायकोनं कळवलं. तुला ओळखते मी, आता सायकल भिंतीला टेकणार. तर परत पाठव. रागानं नाही मागत. फार आठवण येते रे, दारात नुसती उभी असली तरी चालेल.

सुखी राहा, खाणं आवर.

९ जुलै

ती. ताईस सा. न.

सायकल पाठवत नाही, घेऊन येतो. रविवारी, तिच्यावरूनच. अंतर ऐकून हिनं कपाळाला हात लावला. सोमवारी मात्र परत नेणार, मला ऑफिसला जायला ती लागते. या फेरीचे कुणी पैसे देत नाही, तेव्हा वळणावर घंटा वाजली की चहा टाक.

भत्ता बंद झाला, लोभ तेवढा चालू ठेव.