रास्तचा गंधार

अमळनेर, रविवार

तीर्थरूप नानांना धाकट्या कोकिळेचा वाकून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार (तुमच्यापेक्षा थोडा जास्त वाकून, कारण हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवतील). गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? फोन न करता पत्र अशासाठी, की मी 'ऊद' म्हटलं की तुम्ही "आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवता. पत्राला तशी सोय नाही.

आपल्या मामेभावाने, भटूने, धुळ्यात येऊन सांगितलंच असेल, की अक्काने मस्कतला अठरा वर्षं नर्सची नोकरी केली आणि येताना डोकं तिथेच विसरून आली. खरं काय घडलं ते माझ्याकडून ऐका. माझी घरमालकीण सलमाबाई रोज संध्याकाळी ऊद वाजवायची. ऊद म्हणजे मोठ्या पोटाचं, आखूड मानेचं तंतुवाद्य. अकरा वर्षं मी तिच्यासमोर बसून शिकले आणि निवृत्त झाल्यावर ते मांडीवर घेऊन विमानात बसले. (अक्कांनी अरबस्तानातून ऊद आणलाय एवढंच ऐकून शेजारच्या बेबाबाई ताटलीत निखारे घेऊन आल्या होत्या. धूप करायचा म्हणे. मी दारातच आडवी आले म्हणून वाद्य वाचलं.)

तर यंदा ठरवलं, की आपल्या संगीत मंडळाच्या वार्षिक महोत्सवात अरबी शास्त्रीय संगीत वाजवायचं. अर्ज भरला. राग या रकान्यात 'मकाम रास्त' लिहिलं. मकाम म्हणजे त्यांचा राग, आणि रास्त हे त्याचं नाव. मंडळाचे अध्यक्ष हितेंद्रभाऊ, त्यांनी अर्ज वाचून मला अतिशय नम्रपणे सांगितलं, की रेशन दुकानाच्या तक्रारी तहसील कचेरीत घेतात.

समजूत घातल्यावर चाचणी ठरली. परीक्षक मगनमास्तर, देवळातली पेटी घेऊन बसलेले. आता रास्तचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध असतो. पेटीत तिथे पट्टीच नाही, नुसती फट आहे. मास्तर म्हणाले, "अक्का, ग जरा वर घ्या." घेतला नाही. मग म्हणाले, "बरं, जरा खाली घ्या." तोही नाही. शेवटी त्यांनी दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या आणि बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. हितेंद्रभाऊंनी कागदावर 'बेसूर' असं लिहिलं.

नाना, मी उठले नाही. म्हटलं, "चुकून बेसूर झालेली बाई दर वेळी वेगळ्या जागी चुकते. मी वीस वेळा वाजवते, तुम्ही मोजा." मास्तरांनी मोबाइलवरचं सूर मोजायचं यंत्र समोर ठेवलं. वीसही वेळा काटा तिथल्या तिथे! हितेंद्रभाऊ 'बघू' म्हणून चहाला गेले, पण मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. घरी नेऊन त्यांनी पेटी उघडली, शुद्ध गंधाराच्या पट्टीखालची सूर देणारी पितळी पात कानशीने घासली आणि सूर माझ्या जागेवर उतरवला. तो परत चढवता येईना. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार, देवळातल्या आरतीचा.

आरतीला पहिल्याच ओळीत सगळ्या बायका अडखळल्या. बेबाबाई ओरडल्या, "ओ मास्तर, आज आरतीले काय व्हयनं?" मास्तर घामाघूम, पण थांबले नाहीत. तिसऱ्या कडव्यापर्यंत बठ्ठा गाव, अगदी एकूण एक, त्या फटीतल्या गंधारावर येऊन बसला, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात, डोळे मिटून, टाळ्या वाजवत कोण, तर हितेंद्रभाऊ. प्रसाद घेताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अध्यक्ष, आत्ता तुम्ही जो सूर लावलात ना, तोच माझा. बेसूर कोणाला लिहायचं ते ठरवा." त्यांनी हातातले साखरफुटाणे एकदम तोंडात टाकले. मग म्हणाले, "दहा मिनिटं. दुपारी चार. सत्कारांच्या आधी."

दहा तर दहा. मी वाजवणारच. समोर चार माणसं असली तरी वाजवणार, आणि सत्कारमूर्ती हार घालून ताटकळले तर ताटकळू देत. पोरांना आशीर्वाद.

तुमची,
कोकिळा

ता. क. पेटी दुरुस्तीला जळगावला गेली आहे आणि मास्तरांना मंडळाने देवळातल्या कुठल्याही वाद्याला हात लावायची बंदी केली आहे. त्यामुळे साथीला कोणी नाही. अरबी लोक ऊदाबरोबर जी झांजांची डफली वाजवतात, ती म्हणजे तुम्ही भजनात वाजवता तीच खंजिरी. पत्रिकेत तुमचं नाव छापलंय. मोठ्या अक्षरात.

ता. क. २. ताल दहा मात्रांचा आहे, तीन-चार-तीन. कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे; शनिवारी सकाळच्या एसटीने या, दुपारभर बसवू.

ता. क. ३. वर एवढं ठणकावून लिहिलंय, पण काल आरशासमोर वाजवायला बसले तर तोच गंधार दोनदा चुकला. अठरा वर्षं लोकांना सुया टोचल्या, तेव्हा कधी नेम चुकला नाही. सलमाबाई असती तर शेजारी बसली असती. तुम्ही नुसते येऊन बसलात तरी चालेल, नाना. (वाजवावं लागेलच.)