पाहुणा दिसला की हाक मारायची

४ मार्च
आज कामावर रुजू झाले. खोली छान आहे, ऊन थेट टेबलावर येतं. हृदयाला मदत करणारे पंप इथे तपासतात. काचेच्या पंपातून जनावराचं रक्त फिरत असतं. एका बाजूने लाल प्रकाश, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. गुठळी होऊ लागली की पडद्यावर काळा ठिपका उमटतो. तो वेळेत दिसावा, एवढंच माझं काम. माझ्या दादाच्या छातीतल्या पंपातली गुठळी कुणाला दिसलीच नव्हती.

इथले प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, गुठळीला ‘पाहुणा’ म्हणतात. पाहुणा दिसला की चहा ठेवायचा नाही, मला हाक मारायची, असं बजावून स्वतःच हसले. खूप दिवसांनी मीही हसले.

७ मार्च
पंपाची गुणगुण ओळखीची आहे. पंप रक्त सलग ढकलतो, म्हणून तो बसवल्यापासून दादाची नाडी लागत नसे; छातीला कान लावला की हीच गुणगुण. वहिनी म्हणायची, तुझ्या भावाने भुंगा पाळलाय.

शेवटच्या दिवशी तो नुसता ‘पा’ म्हणाला. मी पाणी आणायला धावले. येईपर्यंत तोंड वाकडं झालं होतं. गुठळी मेंदूत गेली होती.

११ मार्च
ठिपका दिसला. हाक मारली. मास्तरांनी पंप उघडला, तर आत काहीच नाही. काच पुसली, रक्त बदललं. मी खुर्चीत बसले आणि ठिपका परत आला. मास्तर म्हणाले, पाहुणा तुमच्याच ओळखीचा दिसतोय. मग चपापले आणि काच परत पुसू लागले.

१२ मार्च
मास्तर बसले की पडदा कोरा. मी बसले की ठिपका. दिवा बदलला, कॅमेरा बदलला. ठिपका वाढलाय.

१४ मार्च
पंप बंद. रक्तही काढून टाकलं. गुणगुण थांबत नाही. मास्तरांना ऐकू येत नाही म्हणे. संध्याकाळी वहिनीला फोन केला. तिने विचारलं, तुझ्याकडे भुंगा शिरलाय का —

१५ मार्च
सकाळ. खोलीत एकटीच. मनगट चाचपलं — नाडी नाही. दुसरं — नाही.

पंप रिकामा, तरी पडद्यावर ठिपका — सुटलाय — वर सरकतोय —

जिन्यात मास्तरांची पावलं. हाक मारायची. जीभ वळत नाही — हात जड — ‘पा’ एवढंच निघालं —

मास्तर पाणी आणायला धावले —

दादालाही पाणी नको होतं — त्याला दिसला होता — पा