मनीच्या शेपटीची गाठ

६ नोव्हेंबर २००३, गुरुवार

गडमुडशिंगीला माहेरी आठ दिवस काय राहिले, घरात काहीतरी शिजलंय. मनीची शेपटी सरळ झालीय! सासूबाईंच्या या सयामी मांजरीच्या शेपटीच्या टोकाला जन्मापासून गाठ होती. सतरा वर्षांची म्हातारी, मी गेले तेव्हा गादीवरून उठत नव्हती. आज फ्रिजवर चढली.

ह्यांना विचारलं, तर वर न बघता म्हणाले, "आगं, सयामी जात हाय ती. वीस वर्सं जगती की." वय कुठं विचारलं होतं मी? शेपटीचं विचारलं होतं. आणि परसात जास्वंदीखालची माती कुणी उकरली?

सासूबाईंना दिसत नाही, म्हणून ह्यांना वाटतं खपून जाईल. पण त्या रोज मनीला डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत कुरवाळतात. ती गाठ ह्यांच्या लक्षात कशी नाही?

दिवेलागणीला मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसले. त्यांचा हात शेपटीच्या टोकाशी येऊन थांबला. त्यांनी परत एकदा चाचपलं. मग आतल्या खोलीत ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरी हाय की रं माझी मनी. न्हाय मरत ती इतक्यात."

आणि माझा हात घट्ट धरला. जेवायला बसेपर्यंत सोडला नाही.