आमचा राक्षस झोपेतच गेला

ती. दादा,

घड्याळांच्या ढिगातून डोकं वर काढून नमस्कार करतो, मानून घ्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठणठणीत आहोत, आणि सगळ्यांत ठणठणीत तुमच्या मातोश्री. (फोनच करणार होतो, पण माझा फोन हल्ली त्यांच्या हातात असतो आणि तुमच्या बहिणीचा माझ्या, कारण आमचा पत्त्यांचा खेळ फोनवर चालतो. शिवाय फोनवर कुजबुजलेलं त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतं. समोर बसून विचारलेलं तेवढं येत नाही.)

तर आनंदाची बातमी. आईंनी आता कायमचं तुमच्याकडे यावं असं तुम्ही कळवलंत. त्या म्हणाल्या, जाते. मी म्हणालो, राहा. त्या म्हणाल्या, जावयाकडे राहून राहून किती राहायचं, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोकांची घड्याळं माझ्याकडे दुरुस्तीला आहेत, काही म्हणायचे नाहीत. शेवटी तुमची बहीण वैतागली, म्हणाली, काय ते खेळून ठरवा, माझं डोकं खाऊ नका. मग ठरलं की एकच डाव खेळायचा. त्या जिंकल्या तर बाडबिस्तरा घेऊन तुमच्याकडे, मी जिंकलो तर मुक्काम इथेच. दादा, त्या जिंकल्या. अभिनंदन.

आता कशा जिंकल्या तेही ऐका, नाहीतर माझं पोट दुखत राहील. या खेळात राजा-राणी नसतात. प्रत्येक पत्ता म्हणजे कुणी प्राणी नाहीतर माणूस, आणि त्याच्या अंगात एखादी कला. कुणाची कला मैदानात उतरताक्षणी आपोआप चालते, कुणाची आपला टर्न सुरू होताना. वर पत्त्यांना दुखणीही लागतात. विष चढलं की पुढचा टर्न सुरू होताच पत्ता मरतो. झोप लागली की एक टर्न कला बंद, मात्र झोपलेल्यावर कुणी हल्ला करू शकत नाही. (हा नियम आमच्या घरातही असता तर माझे रविवार सुखात गेले असते.) मैदानात ज्याचं कुणीच उरलं नाही, तो हरला.

डाव दुपारी दुकानात रंगला. आई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, मी काउंटरमागे, मधे एका शाळामास्तरांचं मनगटी घड्याळ उघडं पडलेलं, आणि मास्तर ते विसरून आमच्या फोनमध्ये डोकावताहेत. शेवटी मैदानात आईंची एक म्हातारी उरली, आणि मी समोर माझा शेवटचा पत्ता, राक्षस, उतरवला. माझा टर्न सुरू झाला की समोरच्याला गिळायचं, ही त्याची कला. पण तोवर वाट कोण बघतो? मी म्हातारीवर विष टाकलं. म्हणजे आईंचा टर्न सुरू झाला की म्हातारी खलास. तरीही मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मधेच दगाफटका नको म्हणून राक्षसाच्या अंगावर माझ्याच हातानं चादर टाकली आणि त्याला झोपवून सुरक्षित केलं. मास्तर म्हणत होते, कशाला झोपवताय, पण त्यांना मी गप्प केलं.

आईंचा टर्न आला. आता त्या म्हातारीची कला अशी की टर्न सुरू होताच आपलं दुखणं समोरच्याच्या गळ्यात मारायचं. विषाची वेळही तीच. मग आधी कोण? जे मैदानात आधी आलं ते! म्हातारी केव्हाची ठाण मांडून बसलेली, विष मागून आलेलं. तिनं विष उचललं, माझ्या राक्षसाला दिलं आणि मोकळी झाली. तरी मी हसतच होतो, कारण माझ्या टर्नला राक्षसही विषाच्या आधीचाच, तो आधी गिळणार. पण दादा, तो चादरीखाली घोरत होता. झोपलेल्याची कला चालत नाही, पण दुखणं देणं हल्ल्यात मोडत नाही, म्हणून विष मात्र झोपलेल्यालाही चढतं. आयुष्यभर लोकांची वेळ लावून देणारा मी, वेळेतच मार खाल्ला. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घड्याळ पुढच्या आठवड्यात मिळालं तरी चालेल म्हणाले. आईंनी मात्र जिंकल्याबरोबर फोन उपडा ठेवला. स्टूल सरकवलं आणि वर घरात निघून गेल्या. बोलायलाही तयार नाहीत, इतका कसला तो तोरा!

असो. रविवारी त्यांना आणून सोडतो.

तुमचा सपशेल हरलेला,
मेहुणा

ता.क. आईंना खिडकीजवळचा पलंग लागतो. आणि त्यांचा चष्मा हरवला की आधी त्यांच्याच डोक्यावर बघावं.

ता.क. दुसरा. दादा, पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. त्या गेल्या तर मला करमणार नाही. माझी आई गेल्यापासून मला आई म्हणायला दुसरं कुणी नाही. तुमच्याकडे खोलीचं रंगकाम निघालंय, एवढ्यात येऊ नकोस, असं त्यांना लिहून पाठवा ना. माझं नाव मात्र घेऊ नका.

ता.क. तिसरा, आणि हे अक्षर माझं, तुझ्या आईचं. पाकीट चिकटवायला जावईबापूंनी माझ्याचकडे दिलं, यावरून ते डाव कसे खेळत असतील बघ. अरे, माझ्या हातात चांगला वाघ होता. तो दाबून ठेवून मी म्हातारी उतरवली, ती हरण्यासाठीच. त्यांनी विष टाकलं तेव्हा म्हटलं, सुटले, आता इथंच राहायचं. आधी विष चालेल असं मला वाटलं होतं. आधी काय आणि नंतर काय, हे मला अजून नीट कळत नाही रे. त्यांना यातलं काही सांगू नकोस, एकदा जिंकलेय ती जिंकलेली राहू दे. आणि रंगकामाचं तेवढं आजच लिही. एका खोलीचं नको, अख्ख्या घराचं लिही.