काकूला टेबलावर झोपवलं

प्रिय काका,

तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. एकाच दवाखान्यात दोन खुर्च्या, दुपारी एकाच डब्यातलं जेवण, मग लिहायचं काय? पण आज संक्रांत, आणि सकाळी घरात एक गोष्ट घडली. ती तुमच्याशिवाय कुणाला सांगितली तर समोरचा म्हणेल, यात काय एवढं? तुम्ही मात्र खुर्ची पुढे ओढून बसला असता. म्हणून लिहिते आहे.

आधी एक कबुली देऊन टाकते. तुमच्यामागे मी दवाखाना बदलला. दारव्ह्यात आता सगळीकडे काचेची दारं झाली, मग आपलंच जुनं का ठेवायचं, असं वाटलं. दाराबाहेरचा तो लाकडी बाक काढला, ज्यावर लोक चपला काढायला टेकायचे. तपासणीचं टेबल तुम्ही मुद्दाम पार टोकाच्या भिंतीला लावलं होतं, ते दाराजवळ आणलं. पेशंटला उगाच चालायला नको, म्हणून! केवढी दया आली होती मला लोकांची!

तुमची सगळी तपासणी त्या बाकापासून सुरू व्हायची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नागपूरला शिकत असताना सुटीत आले, की तुम्ही मला खिडकीशी बसवायचात. बाहेर कोण आलं ते नाही, चपला कशा काढतो ते बघ म्हणायचात. कोण कुठल्या पायावर उभा राहतो, कोण भिंतीला हात लावतो, कोण वाकतच नाही आणि पायानंच चपल ढकलतो. माणूस टेबलापर्यंत पोचेस्तोवर तुमचं अर्धं निदान झालेलं असायचं.

एकदा तर तुम्ही एका म्हातारीची चपलच उचलून उलटी केलीत! ती बिचारी लाजेनं अर्धी झाली. म्हणाली, "डाक्टरसाहेब, चपलेले हात नका लावू." तुम्ही तळ झिजला होता त्या जागी अंगठा फिरवत म्हणालात, "माय, तू दुखणं लपवशीन, हे नाई लपवत." मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि तो एसटीचा ड्रायव्हर? यवतमाळहून एक्स-रे घेऊन आला होता, त्यात काही नव्हतं. तुम्ही हातावर हात चोळून आधी त्याचा चांगला गुडघा धरलात. तो म्हणत राहिला, साहेब हा नाही, तो. तुम्ही ऐकूनच घेतलं नाही. मांडी एका हातात, पोटरीच्या वरचा भाग दुसऱ्या हातात, गुडघा जरासा वाकवलेला, आणि हलकेच पुढे ओढलंत. मग दुसरा गुडघा. मग मला बोलावून माझे हात तिथे ठेवलेत. एका गुडघ्यात ओढ कुठेतरी येऊन थांबत होती. दुसऱ्यात थांबतच नव्हती.

"येथं थांबते, येथं नाई थांबत," एवढंच तुम्ही म्हणालात. "आतली दोरी तुटली."

आठवड्यानं एमआरआयचा रिपोर्ट आला. त्यात दीड पान भरून तेच लिहिलं होतं. मी तो तीनदा वाचला. तुम्ही पाकीट उघडलंसुद्धा नाही, ड्रायव्हरला सुटी मिळेल का तेवढं विचारलंत. काका, त्या दिवशी मी तुमच्या हातांकडे चोरून बघत होते. साधे हात, नखं कापलेली, अंगठ्यावर शाईचा डाग. एवढं सगळं त्यांना कुठून कळतं?

चांगली बाजू आधी, हा तुमचा नियम. प्रत्येक माणसाचं ठीक असणं वेगळं असतं, ते आधी हाताला कळू दे, मगच बिघाड कळेल. शिवाय दुखत नाही तिथे हात लागला की माणसाची भीती मोडते. मी हा नियम वहीत लिहून ठेवला होता. वही कपाटात आहे.

पण आता तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. लोकांच्या चपला उलट्या करून बघणाऱ्या माणसानं घरातलं कुणी कधी तपासलं का हो? काकूची कंबर दुखली की तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या गोळी द्यायचात. माझा पाय मुरगळला तेव्हा चालता चालता क्रेप बँडेज फेकलंत. "घरचं माणूस टेबलावर झोपत नसते," असं वर हसून म्हणायचात. डॉक्टरांच्या सगळ्याच घरांत असं चालतं, मला ठाऊक आहे. पण तुमच्याकडून मी तुमचे हात घ्यायला हवे होते. त्याआधी घेतली ती ही खोड!

तुम्ही गेलात आणि काकू हळूहळू बसत गेली. गुडघे दुखतात म्हणायची. एक्स-रे काढला, गुडघे झिजलेले होतेच. मी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले, तेही ओट्याशी उभ्यानंच. पाय जड पडायला लागले, तर म्हटलं गुडघेच आहेत. बाहेर जाताना डावी चपल पायरीवरच राहायची आणि काकू तशीच फाटकापर्यंत जायची. स्वयंपाकाच्या रेखाताई मागून चपल घेऊन धावायच्या आणि हसायच्या. मी काय केलं सांगू? काकूला मागून पट्टा असलेले सँडल आणून दिले!

चपल पायातून निघते आणि माणसाला कळत नाही. हे वाक्य एखाद्या पेशंटनं म्हटलं असतं, तर मी ताडकन उभी राहिले असते. घरात रोज डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी त्याला पट्टा लावला.

वातींचंही तसंच. काकूच्या हातच्या फुलवाती गल्लीभर जायच्या, आठवतं? मारेगावच्या तिच्या माहेरून कापूस यायचा आणि ती बोलता बोलता शंभर वाती वळायची. त्या जाडजूड व्हायला लागल्या, मग सुटायला लागल्या. रेखाताईंनी कापूस गुपचूप आपल्याकडे घेतला, काकूला वाईट वाटू नये म्हणून. ब्लाउजची बटणंही त्याच लावून द्यायला लागल्या. सगळे म्हणायचे, काका गेल्यापासून हिचं मन लागत नाही. मीही तेच म्हणायचे. आम्ही इतकं प्रेम केलं तिच्यावर, की तिचा आजार कुणालाच दिसला नाही.

गुडघे बदलायचं ठरत आलं होतं. दिवाळीनंतरची तारीख घ्यायची, एवढंच बाकी होतं.

मग दसरा आला. काकू दारापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसून शेजारणीशी बोलत होती. मी सोनं घेऊन आले आणि पायांवर हात ठेवला. काकूच्या पायांना किती गुदगुल्या होतात, तुम्हाला ठाऊक आहे. जन्मभर मी पाया पडले की तिनं पाय आखडून घेतले आहेत, हसली आहे आणि मग सुखी राह्य म्हणाली आहे. या वेळी पाय हललेच नाहीत. ती शेजारणीला सोयाबीनचं काहीतरी सांगत राहिली. मी हात तसेच ठेवले. बोटांनी जरा दाबलं. काही नाही. बऱ्याच वेळानं तिनं खाली बघितलं.

"अवं, तू खाली कवा बसली?" ती म्हणाली.

काका, मी तिथून उठले नाही. माझ्या हातांखाली तिचे दोन्ही पाय होते आणि ते तिला माहीत नव्हतं. मला एकदम ती पायरीवरची चपल दिसली. मग वाती, मग बटणं. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

मी तिला तसंच धरून दवाखान्यात नेलं आणि टेबलावर झोपवलं. ती कुरकुरत होती. सणाच्या दिवशी हे काय, मला काय झालं, गुडघेच तर दुखून राह्यले. मी चांगली बाजू आधी म्हणून सुरुवात करायला गेले आणि हात थांबले. चांगली बाजू कुठली? डावा पाय बिघडलेला, उजवाही, दोन्ही हातही. मग मी तिच्या कपाळाला कापूस लावला. लागतो? लागतो. गाल? लागतो. तिथून मी खाली यायला लागले.

डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरला आणि वर-खाली हलवला. वर की खाली? ती अंदाजानं सांगत होती आणि चुकत होती. गुडघ्याखाली हातोडी हलकेच मारली, तर पाय असा उसळला की मीच मागे सरले. तळव्यावर किल्ली ओढताना हात अडखळला, ज्या पायांना नमस्कार करायचा त्यांच्यावर किल्ली कशी ओढू? ओढली. अंगठा खाली वळायचा तर सावकाश वर उठला. शेवटी तिच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली. अंगठा आपोआप आत वळला, दोन्ही हातांचा. वळायला नको होता.

गुडघे नव्हतेच ते. मान होती. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबत होता आणि तिथून खालचं सगळं अंग तिच्या हातून निसटत होतं. एक कापूस, एक किल्ली, एक हातोडी! बिघाड कुठून खाली आहे, ते शरीर आपण होऊन दाखवत गेलं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, खरं सांगते, नवलानं छाती भरून आली होती. नंतर एमआरआय केला. तुम्ही पाकीट उघडलं नसतं.

नागपूरच्या सर्जननी सांगितलं, आणखी थांबलात तर चालणं जाईल, हातही जातील. गेलेलं सगळं परत येईल, असं मात्र ते म्हणाले नाहीत. काकू घाबरली. मानेला चाकू लावायचा म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? आदल्या दिवशी तिनं मला जवळ बसवून विचारलं, "तुये काका असते त का म्हणले असते?"

खोटं बोलवेना. म्हटलं, काकांनीही तुला कधी तपासलं नाही गं. आम्ही दोघंही चुकलो. ती म्हणाली, "मंग तू त तपासलं ना. चाल, करून टाकू."

ऑपरेशन झालं. मग वॉकर, मग काठी. बोटांना अजून पूर्ण जोर नाही. परवा तिनं एक वात वळली, वाकडीतिकडी, पण सुटली नाही. रेखाताईंनी ती देवापुढे लावली नाही, डबीत ठेवून दिली.

आणि आज सकाळी. थंडी होती. काकू खिडकीशी रस्त्याकडे तोंड करून बसली होती, मी मागून येते आहे हे तिला दिसणं शक्य नव्हतं. तिळगुळाची वाटी बाजूला ठेवली, खाली बसले आणि तिच्या पायांवर हात ठेवला.

पाय आखडले.

तिनं मान वळवली नाही, अजून नीट वळतही नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाली, "थंडे हात हायेत तुये. काका आधी चोळून घेत होते."

काका, तिला तुम्ही कधी टेबलावर झोपवलं नाही, आणि तुमचे हात कसे असायचे ते तिच्या पायांना माहीत आहे! मी तिथेच बसून राहिले. मग तिनं सुखी राह्य म्हटलं.

बाक परत दाराबाहेर ठेवला आहे. टेबल टोकाच्या भिंतीला गेलं आहे, पेशंट कुरकुरतात, कुरकुरू देत. पुढच्या महिन्यात बाबा यवतमाळहून येणार आहेत. त्यांची कंबर दुखते म्हणे. ओट्याशी उभं राहून गोळी देणार नाही. त्यांना चपला काढताना बघेन, भिंतीपर्यंत चालवेन आणि टेबलावर झोपवेन. आणि हात लावायच्या आधी, तुम्हाला वचन देते, हात चोळून घेईन.

तुमची,
अपर्णा