डांबरी रस्त्यापर्यंत

म्पाताला,
मंगळवार, १० ऑक्टोबर

प्रिय भाऊ लायसन यास,

तू बरा उठला असशील तर मीही बरी उठले. डोरिका आणि मुलं ठीक असतील तर माझं घरही ठीक आहे. ऊन यंदा अंगाची लाही करतंय. आंबे अजून हिरवेच, तरी पोरं मीठ लावून खातात आणि मग पोट धरून बसतात. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. उद्या चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला डोरिका येईल, तिच्याजवळ देईन. पाण्याच्या पंपाच्या कमिटीवरून आपलं वाजलं ते तसंच राहू दे. त्यात मीच बरोबर होते, पण आज तो विषय नाही.

मलिता बरी आहे. म्हणजे जेवत नाही, पण बरी आहे. तिचं खरं नाव मारित, ते आपल्या जिभेवर बसलं नाही म्हणून गावाने मलिता केलं. फिनलंडहून इथे मुलांच्या खाण्यापिण्याचं काम करायला आली आणि माझ्याकडे राहिली. आली तेव्हा मक्याच्या पिठाची एन्सिमा ढवळताना हात भाजून घेतला आणि वर मलाच म्हणते, "आई, भांडं रागावलं." डोक्यावरून पाणी आणायची तर अर्धं अंगावर. पंपावर बायका हसून लोळायच्या. "एनेलेसी, तुझी लेक पाणी आणते की आंघोळ करून येते गं?" आता ती दिसली की त्याच बायका बादल्या उचलून चालू लागतात.

सगळं त्या मेल्या बीटामुळे झालं. दवाखान्यामागे तिने बीट लावलं आणि आयांना ते शिजवायला शिकवलं. उकडलेलं लाल पाणी फुकट का घालवायचं, कापड रंगवायला होईल, म्हणून बाटल्यांत भरून खिडकीत मांडलं. मूर्ख पोरगी! नदीपलीकडून रोज नवी बातमी येतेय की रक्त शोषणारे फिरताहेत, माणसं झोपेत पांढरी पडताहेत, आणि ही उन्हात लाल बाटल्या मांडून बसली. त्यात ती मुलांना काट्याला टांगून वजन करते. मलेरियासाठी बोट टोचायचं असलं की मूल मांडीवर घेऊन बसते. गावाला आणखी काय पाहिजे?

मी एक बाटली घेऊन गिरणीवर गेले आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. म्हटलं, बघा, बीट आहे बीट! तर ती शेजारची नालेती म्हणाली, "बघा बायांनो, आता हीपण प्यायला लागली."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण कोणी हसलं नाही रे. तेव्हाच मी घाबरले.

तिच्या ऑफिसची गाडी न्यायला आली होती. डांबरी रस्त्याच्या वाटेवरच्या पुलावर ओंडके टाकलेत, दगड घेऊन पोरं उभी आहेत, गाडी मागे फिरली. चौकीतला पोलीस एकटाच. मला म्हणतो, "आई, मलाही बायकापोरं आहेत." तोही बिचारा काय करणार.

रविवारी दुपारी माणसं आली. हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता लिहितेच.

पाच-सहा जण असतील, हातात काठ्या, तोंडाला फडकी. मलिता नेमकी मागच्या न्हाणीत होती. एकाने विचारलं, "तुझी गोरी कुठाय?" मी म्हटलं, गेली. "कुठे गेली?" म्हटलं, तुमच्या बायकांना विचारा, त्यांचीच पोरं तिने मांडीवर वाढवली. त्याने न्हाणीच्या गवती कुडावर काठी आपटली. आत ती श्वास धरून होती. मी दारात बसून मका सोलायला घेतला. "बाजारच्या दिवशी परत येतो. तोवर घरात असली तर तुलाही सोडणार नाही," म्हणाले आणि गेले.

एक जण शेवटपर्यंत मागे उभा होता. त्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. ती करंगळी कुदळीने तुटली तेव्हा अंगावरचं लुगडं फाडून मी बांधली होती. लायसन, तोंड झाकलंस, पाय झाकायचे राहिले.

तू खरंच मानतोस का हे, की न गेलास तर तुझ्यावरच उलटतील म्हणून गेलास? मला नको सांगूस. मला भीती वाटते. दारावर कोंबडी चढली तरी काळजात धस्स होतं. पोरगी विचारते, "आई, मी काय केलं?" काय सांगू तिला?

आता ऐक. माझ्या लग्नात तू उभा राहिलास, नवऱ्याच्या मयतालाही तूच. आपल्यात बापाआधी मामा. ती आली तेव्हा गावासमोर मी तिला लेक म्हटलं. तू रुसून घरी बसला होतास, तरी मामा तूच झालास. गुरुवारी सकाळी बाजार भरलेला असताना सायकल घेऊन ये. तोंड उघडं ठेवून ये. तिची पिशवी कॅरियरला बांध आणि डांबरी रस्त्यापर्यंत तिच्या पुढे चाल. मामा पुढे असताना भाचीवर कोण हात टाकतो ते बघू.

आणि त्यांच्याबरोबर आलास, तर दारात आधी मी असेन.

तुला पाठीवर बांधून वाढवणारी तुझी थोरली बहीण,
एनेलेसी


म्पाताला,
शनिवार, १४ ऑक्टोबर

भाऊ लायसन,

मलिता राजधानीत पोचली. फोनवर रडत होती, एकच विचारत होती, "मामा कसे आहेत?" मी म्हटलं, मजेत.

तुला काठी घेऊन त्यांच्यातच येताना पाहिलं तेव्हा माझा धीर सुटला होता. वाटलं, संपलं. मग तू फडकं ओढून काढलंस. "ही माझी भाची. कोणाला काही विचारायचंय ते मला विचारा," म्हणालास. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तिला म्हणालास, "चल पोरी, पिशवी दे." दारासमोर भरलेला सगळा बाजार बघत होता. माणसं बाजूला सरली. मी दाराला धरून रडले रे.

आज गिरणीवर नालेती मला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होती, "मुख्य तर भाऊच निघाला. बाटल्या सायकलवरून तोच पोचवायचा." तुझ्याबरोबरचे ते लोक झाडाखाली बसले होते. त्यांनी ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि उठून पुलाच्या दिशेने गेले.

डोरिका आणि मुलांना मी माझ्याकडे आणलंय. तू डांबरी रस्त्यावर तिच्या भावाकडे आहेस असं ती म्हणाली, म्हणून हे तिथे पाठवते. तिथेच राहा. शेताची काळजी करू नकोस, सायकल विकावी लागली तर वीक. तिला न्यायचा रस्ता मी तुला सांगितला, तुझ्या परतीचा माझ्या डोक्यातच आला नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच तुला 'घरी येऊ नकोस' म्हणणारी,
एनेलेसी